चिंबोरी, कुर्ली आणि 'स्किला': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिंबोरीबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही स्वयंपाकघरातून आलेत, काही कॉलेजच्या प्रोजेक्टातून, आणि एक-दोन चक्क भांडण मिटवायला. सोपे आधी, किचकट शेवटी. एखादं उत्तर अर्धवट वाटलं तर कंसातला प्रश्न क्रमांक बघा, बाकीचं तिकडे असेल.

१. चिंबोरी, कुर्ली, खेकडा: हे तीन वेगळे प्राणी आहेत का?

नाही. खेकडा हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. मुंबई, ठाणे, रायगडकडे चिंबोरी म्हणतात. मालवणपासून खाली गोव्यापर्यंत कुर्ली. पण बाजारात ही नावं सैल वापरली जातात. पाठीवर तीन ठिपके असलेला समुद्रातला खेकडाही 'चिंबोरीच' म्हणून गळ्यात मारतात. या पानावर जिच्याबद्दल बोलतोय ती खाडीतली, कांदळवनाच्या चिखलात बीळ करणारी, जाडजूड नांग्यांची. शास्त्रात तिच्या प्रजातीचं नाव 'स्किला'. (प्रजाती म्हणजे कुळ नव्हे आणि एकटी जातही नव्हे, एका प्रजातीत अनेक जाती येतात. मराठीत हे शब्द उलटसुलट वापरतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं.)

२. 'स्किला' हे कसलं नाव? उच्चार नक्की काय?

ग्रीक पुराणातली समुद्रराक्षसीण. अरुंद सामुद्रधुनीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला जहाजं गिळणारा भोवरा 'चॅरिब्डिस'. लायडनच्या संग्रहालयातले डच प्राणिशास्त्रज्ञ डी हान यांनी १८३३ मध्ये सीबोल्ड या जर्मन डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने जपानहून आणलेल्या संग्रहावर काम करताना ही दोन्ही नावं खेकड्यांच्या दोन प्रजातींना देऊन टाकली. गंमत म्हणजे आपल्या बाजारात दोघी एकाच टोपलीत भेटतात. ज्या खेकड्याच्या पाठीवर क्रूस दिसतो, तो चॅरिब्डिस. सेंट फ्रान्सिस झेवियरचा समुद्रात पडलेला क्रूस खेकड्याने परत आणून दिला, ही दंतकथा त्याच्याशी जोडतात.

उच्चार ग्रीक धरला तर 'स्किला', इंग्रजी धरला तर 'सिला'. परीक्षेत दोन्ही चालतील, कोळणीसमोर एकही नाही.

३. या प्रजातीत जाती किती?

आज जिवंत असलेल्या चार: सेराटा, ट्रँकेबारिका, ऑलिव्हेशिया आणि पॅरामॅमोसेन. नामशेष जाती वेगळ्या, त्या प्रश्न १८ मध्ये.

या चौघींच्या नावांमागे बराच प्रवास आहे. सेराटाचं नाव फोर्स्कोल या स्वीडिश निसर्गअभ्यासकाने तांबड्या समुद्राकडच्या खेकड्याला दिलं. तो १७६३ मध्ये येमेनमध्ये तापाने गेला. त्याचे कागद छापले ते कार्स्टन नीबूर या सहप्रवाशाने, १७७५ मध्ये. दोघं ज्या डॅनिश अरबस्तान मोहिमेवर होते, तिच्यातून जिवंत परतलेला हा एकटाच. आणि हा नीबूर मधल्या काळात मुंबईत होता, घारापुरीच्या लेण्यांची मापं आणि चित्रं काढत होता. ज्या चिखलातून होडी काढून तो बेटावर चढला असेल, त्यात सेराटाची बिळं असणार. ट्रँकेबारिका म्हणजे तमिळनाडूतलं तरंगंबाडी, तेव्हाचं डॅनिश ठाणं. पॅरामॅमोसेनमधलं 'मॅमोसेन' हे तर फिलिपिन्समधल्या मच्छीमारांचं नाव. एस्टाम्पाडोर या तिथल्याच अभ्यासकाने १९४९ मध्ये ते शास्त्रात नेलं.

१९४९ नंतरही बरीच वर्षं शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. १९६० च्या सुमाराला तर ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी सगळ्यांना गोळा करून एकच जात म्हणून टाकलं. चार जाती आहेत हे कीनन, डेव्ही आणि मान यांनी १९९८ मध्ये प्रथिनं आणि डीएनए तपासून पक्कं केलं. मच्छीमार मात्र सुरुवातीपासून रंगरूपावरून त्यांना वेगवेगळ्या नावांनी हाक मारत होते.

४. आमच्याकडे 'हिरवी' आणि 'लाल' अशा दोन येतात. दोन जाती की एकीचेच दोन रंग?

दोन जाती. मोठी, हिरवट ती सेराटा. लहान, तांबूस ती ऑलिव्हेशिया. पण रंगावर विसंबू नका, चिखलाप्रमाणे तो बदलतो. मी नेहमी मनगट बघायला सांगतो.

चिंबोरी बांधलेली असताना एक नांगा समोर धरा. चिमट्याची दोन बोटं, मग फुगीर तळवा, आणि त्यामागे छोटा त्रिकोणी सांधा. तोच मनगट. त्याच्या बाहेरच्या कडेला दोन ठसठशीत काटे बोटाला टोचले तर सेराटा. एखादाच बोथट उंचवटा लागला किंवा काहीच लागलं नाही तर ऑलिव्हेशिया. मग डोळ्यांच्या मधली चार दातांची रांग बघा: सेराटात दात उंच, ऑलिव्हेशियात बुटके आणि गोलसर. तिसरी खूण पायांवर. सेराटाच्या सगळ्या पायांवर जाळीसारखी, भेगाळलेल्या तळ्यासारखी नक्षी असते. ऑलिव्हेशियात ती जवळजवळ नसते.

अपवाद एकच, पण तो लोकांना फसवतो: ऑलिव्हेशियाच्या पिल्लांच्या मनगटावर काटा टोकदार असू शकतो. बशीपेक्षा लहान खेकड्यावर पैज लावू नका.

५. माझ्या जुन्या पाठ्यपुस्तकात लहान लाल खेकड्यालाच 'सेराटा' म्हटलंय. चूक कोणाची?

तुमची नाही. भारतात कित्येक वर्षं लहान लालला सेराटा आणि मोठ्या हिरव्याला ट्रँकेबारिका लिहिलं गेलं. शोधनिबंध, सरकारी पुस्तिका, प्रशिक्षणाची पत्रकं, सगळीकडे. डीएनए तपासणीनंतर उलगडलं की आपला मोठा हिरवा हाच खरा सेराटा आणि लहान लाल तो ऑलिव्हेशिया. म्हणून जुना आकडा वाचताना, मग ती वाढ असो, अंडी असोत की वजन, आधी विचारा: हा कुठला सेराटा? याचं उत्तर मिळत नसेल तर तो आकडा पुढे पाठवू नका.

६. नर-मादी कसं ओळखायचं?

उलटी करा. पोटाखाली दुमडलेली पट्टी अरुंद, निमुळती असेल तर नर. रुंद, अर्धगोल असेल तर वयात आलेली मादी. त्रिकोणी असेल तर वयात न आलेली मादी. तिच्यात लाख (आतलं केशरी अंडाशय, प्रश्न ७) शोधू नका. नराचे नांगे मादीपेक्षा बरेच मोठे, म्हणून नांग्यांसाठी नर आणि लाखेसाठी मादी हा बाजारातला साधा हिशोब.

७. लाख म्हणजे अंडीच ना? मग पोटाखाली बाहेर लटकतात ती कुठली?

लाख म्हणजे कवचाच्या आत पिकत असलेलं अंडाशय: केशरी, घट्ट, शिजल्यावर रवाळ. बाहेर लटकतो तो घातलेल्या, फलित अंड्यांचा स्पंजासारखा गुच्छ. आधी केशरी, मग आतल्या पिल्लांचे डोळे तयार होत जातात तसा काळपट. एका मादीच्या गुच्छात लाखो अंडी असतात. असली मादी खाडीत सहसा सापडत नाही, ती समुद्रात असते (प्रश्न १२). जाळ्यात आलीच तर सोडून द्यावी. खाण्यासारखं तिच्यात तसंही फारसं उरलेलं नसतं.

८. अमावस्येला चिंबोऱ्या भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असतात, हे खरं आहे का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. घरातलं भांडण मिटवायला आला तो हाच.

जुनी माणसं सांगतात की चांदण्यात ती बिळाबाहेर चरायला पडत नाही, म्हणून रोडावते. ती रात्री चरते हे खरं. आणि उधाण अमावस्या-पौर्णिमा दोन्हींना येतं, म्हणजे पाण्याचं कारण देता येत नाही, उरतो उजेडच. इथवर म्हणणं पटण्यासारखं आहे. पण चिंबोरी पोकळ असण्याचं मुख्य कारण आकाशात नसून तिच्या कवचात आहे. कात टाकल्यावर ती पाणी पिऊन फुगते, नवं मोठं कवच कडक होतं आणि आत मांस भरायला काही आठवडे जातात. त्या मधल्या काळात पकडली तर आत पाणीच. सगळ्या चिंबोऱ्या एकाच दिवशी कात टाकत नाहीत, त्यामुळे कुठल्याही तिथीच्या टोपलीत दोन्ही प्रकार निघतात.

माझ्या आजीने पौर्णिमेला कधी चिंबोरी आणू दिली नाही. मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आण मग, आणि तूच फोड." आणल्या, चारातल्या तीन पोकळ निघाल्या. तीनावर शास्त्र ठरत नाही, हे तिला सांगायची छाती झाली नाही.

९. मग भरलेली ओळखायची कशी?

हातात घेऊन. आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. मग उलटी करून मागच्या पायांच्या मुळाशी, छातीच्या पांढऱ्या भागावर अंगठ्याने दाबा. दबलं तर पोकळ, दगडासारखं लागलं तर भरलेली. कवच फार स्वच्छ, चकचकीत असेल तर सावध व्हा, नुकतीच कात टाकलेली असणार. जुनं, मळकट, एखादी बार्नॅकल (खडकांना, होड्यांना चिकटून राहणारा छोटा कवचधारी समुद्रजीव) चिकटलेलं कवच दिसायला ओंगळ असतं, पण खात्रीचं. आणि दोरी बघा. ओल्या जाड सुतळीचे चार फेरे जास्त मारले की तेवढं वजन तुम्ही चिंबोरीच्या भावाने विकत घेता. एकदा घरी येऊन मी नुसती दोरी तोलली होती, तेव्हापासून नजर आधी तिकडेच जाते.

१०. कात टाकते म्हणजे नेमकं काय करते?

कवच वाढत नाही, म्हणून प्राणी त्यातून बाहेर पडतो. मागच्या बाजूला फट पडते आणि चिंबोरी उलटी, मागे मागे सरकत निघते: पाय, नांगे, डोळ्यांचे देठ, कल्ल्यांची आवरणं, अगदी जठराचं अस्तरही जुन्या कवचात सोडून. बीळात टाकलेली कात पाहिली तर मेलेली चिंबोरीच वाटते, उचलली की हलकीफूल. त्यानंतर काही तास ती लोण्यासारखी मऊ असते. हॉटेलात मिळणारी 'सॉफ्ट शेल' ती हीच. वेगळी जात नव्हे, नेमकी वेळ साधून उचललेली.

मीलनही याच वेळी. मादीची कात टाकण्याची वेळ आली की नर तिला आधीपासून पोटाशी धरून फिरतो, ती मऊ झाल्यावर मीलन होतं आणि ती कडक होईपर्यंत राखण करतो. मिळालेलं बीज मादी महिनोन्महिने साठवून ठेवू शकते.

११. तुटलेला नांगा परत येतो का?

येतो, पण लगेच नाही. तुटल्या जागी कोंब धरतो आणि पुढच्या कात टाकण्याला छोटा नांगा निघतो. पूर्ण आकाराला आणखी काही काती लागतात. म्हणूनच बाजारात एक नांगा भला मोठा आणि एक खेळण्यातला अशी चिंबोरी दिसते. संकटात ती स्वतःहूनही नांगा सोडते. मुळाशी तुटण्यासाठी ठरलेली जागाच असते, तिथून रक्त फारसं जात नाही.

१२. चिंबोरी खाडीतच जन्मते ना?

नाही, आणि हे ऐकून खाडीकाठच्या लोकांनाही नवल वाटतं. अंडी धरलेली मादी खाडी सोडून बाहेर, खुल्या समुद्रात जाते. पिल्लांना सुरुवातीला खारट, स्थिर पाणी लागतं. अंड्यातून निघतो तो 'झोइया': डोळे मोठे, पाठीवर काटा, खेकड्यासारखं काहीच नाही. पाच झोइया अवस्था, मग एक 'मेगालोपा', जिला नांगेही असतात आणि शेपटीही. हे सगळं तीन-चार आठवड्यांचं. मग भरतीबरोबर ती खाडीत शिरते, चिखलात उतरते आणि तिथे खेकडा होते. म्हणजे खाडीतली प्रत्येक चिंबोरी समुद्र पाहून आलेली असते. कांदळवन तोडून भराव टाकला की जातं ते परत येणाऱ्या पिल्लांचं घर.

१३. साफ करताना कल्ल्यांत पांढरे, देठ असलेले किडे दिसले. फेकून द्यायची का?

नको. ते बार्नॅकलचेच एक नातेवाईक, 'ऑक्टोलास्मिस'. देठाने कल्ल्याला चिकटतात आणि खेकडा श्वासासाठी जे पाणी खेळवतो त्यातलं खाणं गाळून घेतात. मांसात शिरत नाहीत. कल्ले आपण तसेही काढून टाकतो, त्यांच्यासोबत हेही जातील.

१४. टोपलीतले खेकडे एकमेकांना खाली ओढतात, हे खरं का?

'मराठी माणसाच्या टोपलीला झाकण लागत नाही' या गोष्टीमुळे हा प्रश्न येतोच. खेकडा हाताला लागेल ते धरतो. वर चढणाऱ्याचा पाय हाताला लागला तर पाय धरतो. त्यात मत्सर नाही. शिवाय कोणीही कोळीण सुट्या चिंबोऱ्या टोपलीत ठेवणार नाही, कारण त्या एकमेकींना ओढत नाहीत, फोडून खातात. म्हणून तर दोरी. गोष्ट रचणाऱ्याने चिंबोरी विकली नव्हती एवढं नक्की.

१५. खेकडे धरण पोखरतात म्हणे. त्या याच का?

नाही. २०१९ मध्ये रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांचं नाव पुढे आलं, तेव्हापासून हे विचारतात. स्किलाला खारं किंवा मचूळ पाणी लागतं, सह्याद्रीतल्या धरणावर ती पोचतच नाही. तिथे असतात ते गोड्या पाण्यातले खेकडे, पहिल्या पावसात शेतात निघणारे मुठे त्यांतलेच. ते बांधात बिळं करतात हे खरं. माणसं गेली त्या दुर्घटनेचा दोष त्यांच्यावर टाकण्याइतकं ते काम मोठं नसतं. मुठे खाताना एक पथ्य: पूर्ण शिजवूनच. गोड्या पाण्यातल्या कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जाणारा जंत लागू शकतो.

१६. घरी आणेपर्यंत मेली तर?

डोळ्यांदेखत मेली आणि लगेच शिजवली तर वेगळं. कधी मेली माहीत नसेल तर टाकून द्या, मांस फार झपाट्याने बिघडतं. जिवंत ठेवायची तर बादलीभर पाण्यात ठेवू नका, त्यातला प्राणवायू संपून गुदमरते. ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. कल्ले ओले राहिले तर ती एक-दोन दिवस सहज काढते. दोरी मात्र पातेलं तयार होईपर्यंत सोडू नका. आणि मारण्याआधी अर्धा तास बर्फात ठेवा. ती सुन्न होते, तिचेही हाल कमी, तुमचेही. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल त्यांनी रश्शालाही हात लावू नये, शिजवल्याने ती जात नाही.

१७. मी परदेशात असतो. आपल्या चवीचं काय मिळेल?

ऑस्ट्रेलियात असाल तर नशीबवान, तिथला 'मड क्रॅब' म्हणजे हाच सेराटा. मात्र क्वीन्सलँडमध्ये मादी पकडायला बंदी आहे आणि नरही १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद लागतो. म्हणजे लाख विसरा. सिंगापूरच्या चिली क्रॅबमध्येही स्किलाच, पुष्कळदा श्रीलंकेहून आलेली. अमेरिकेत ती फक्त हवाईत, तीही विसाव्या शतकात नेऊन सोडलेली. मुख्य भूमीवर पूर्व किनाऱ्याचा 'ब्लू क्रॅब' घ्या, तो स्किलाच्याच कुळातला. ब्रिटनचा तपकिरी खेकडा दूरचा पाहुणा आहे. मांस चांगलं, पण आमटीत चिंबोरीचा गोडवा येत नाही. हे माझं मत.

१८. स्किलाचे जीवाश्म सापडतात का? किती जुने?

सापडतात. मायोसीन काळातले, म्हणजे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचे. जपानमधली 'स्किला ओझावाई' ही नामशेष जात मार्टिन ग्लेसनर यांनी १९३३ मध्ये नोंदवली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एडिआकाराच्या अतिप्राचीन जीवाश्मांवरच्या कामामुळे नावाजले ते हेच. जपानात चिंबोरी कशी, असं वाटेल. पण मायोसीनच्या मध्यावर तिथलं पाणी बरंच उबदार होतं आणि आजच्या होन्शू या जपानी बेटाच्या किनाऱ्यावरही कांदळवनं होती. त्या थरांत कांदळवनाचे परागकण आणि चिखलातले शंख-शिंपले सापडतात. चिंबोरीचा शेजार तोच, फक्त पत्ता वेगळा.

१९. कोकणात शोधले तर मिळतील का?

आशा कमी. महाराष्ट्राचा बहुतेक पाया बेसॉल्टचा, थंड झालेल्या लाव्हाचा, आणि तोही मायोसीनच्या कितीतरी आधीचा. लाव्हात खेकडा टिकत नाही. खेकड्यांचे मायोसीन जीवाश्म बघायचे तर कच्छकडे जावं, तिथे त्या काळचा समुद्रतळ उघडा पडलेला आहे. खाडीच्या चिखलात मिळालेला काळा पडलेला नांगा पाठवून लोक विचारतात. तो बहुधा गेल्या काही वर्षांतलाच असतो. नखाने खरवडून बघा. खडूसारखा भुगा निघाला आणि वजन हलकं असेल तर कातच. जीवाश्म दगडाइतका जड लागतो.

२०. रंग नाही, डीएनए नाही, मग जीवाश्मावरून जात ठरवतात कशी?

अवघड आहे, आणि थोडं नशिबाचं. खेकडा मेला की सांधे सुटतात, पातळ कवच चुरतं आणि उरतात चिमट्याची बोटं, कारण तीच सर्वांत कठीण. त्यातही चुरडणारा नांगा, बहुधा उजवा, जास्त टिकतो. बोटाच्या दातांवरून 'स्किलासारखं' इतपत म्हणता येतं. कवच सापडलं तर डोळ्यांपासून बाहेरच्या टोकापर्यंत प्रत्येक बाजूला नऊ दात मोजता येतात. त्यावरून प्रजाती ठरायला मदत होते. जातीसाठी मात्र कपाळाचे चार दात आणि मनगट लागतं, म्हणजे प्रश्न ४ मधलंच सगळं, फक्त जाळीची नक्षी वजा.

आणि जिवंत चौघींना वेगळं करायला १९९८ उजाडावं लागलं, तेव्हा त्याआधी 'सेराटा' म्हणून नोंदवलेले जीवाश्म चौघींपैकी कोणाचे, हे संग्रहालयातला ड्रॉवर उघडून पुन्हा बघावं लागतं. ड्रॉवरमध्ये मनगट असेल तर काटे मोजायचे. नुसतं बोट असेल तर लेबलवर प्रजातीचं नाव लिहून पुढची जागा कोरी ठेवायची.